त्याची काही हरकत नसेल



दहा आज्ञांचा विचार करताना सातव्या आज्ञेपाशी आपण फारसे थांबत नाही. ‘चोरी करू नको.’ आपण कुणाचे घर फोडलेले नसते, लोकलच्या गर्दीत कुणाचे पाकीट मारलेले नसते. तेव्हा ही आज्ञा आपल्यासाठी नाही, पोलिसांसाठी आहे, असे समजून आपण पुढे सरकतो. अलीकडे आपल्या एका लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत नुकतीच नोकरीला लागलेल्या एका मुलीने विचारले, “फादर, ऑफिसातलं पेन घरी आणलं तर ती चोरी का?” सगळे हसले. मग एकेक जण बोलू लागला आणि हसणे हळूहळू कमी झाले.

एकाच्या ऑफिसात फ्रिजमध्ये ठेवलेला डबा दुपारी अर्धा झालेला असतो. रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका ताईंनी सांगितले की, रात्रपाळीसाठी स्वतःच्या पैशाने नेलेला बिस्किटांचा पुडा नाव लिहून ठेवला तरी पहाटे त्याचा कागदच उरतो. एका शिक्षकांची लाल पेने, एका मेकॅनिकचे पाने, कुणाचा मोबाइलचा चार्जर, कुणाची पावसाळ्यातली छत्री. (कुमसाराच्या खुर्चीतले मी इथे काही सांगत नाही. हे सारे चहा पिताना, सर्वांसमक्ष बोलले गेलेले आहे.) एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपली वस्तू गेली तेव्हा प्रत्येकाने ‘चोरी’ हा शब्द वापरला. दुसऱ्याची वस्तू घेतल्याचा विषय निघाला तेव्हा तीच माणसे म्हणाली, ‘घेतली’, ‘उचलली’, ‘वापरली’. आणि सर्वांत अधिक वेळा जे वाक्य कानावर आले ते म्हणजे, “त्याची काही हरकत नसेल.”

या वाक्याकडे आज जरा नीट पाहू या, कारण ते सर्वस्वी खोटे नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात चोरीची व्याख्या केली आहे: दुसऱ्याची वस्तू गुपचूप घेणे. पुढे ते स्वतःच प्रश्न उभा करतात, अगदी क्षुल्लक वस्तूचे काय? त्यांचे उत्तर असे की, अत्यंत छोट्या गोष्टीला माणसाची बुद्धी जवळजवळ शून्य समजते. ती गेल्याने मालकाला आपले काही गेले असे वाटत नाही, आणि घेणाऱ्याला त्याची संमती गृहीत धरता येते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद २४०८) सांगतो की, जिथे मालकाची संमती रास्तपणे गृहीत धरता येते तिथे चोरी होत नाही. म्हणजे शेजारच्या टेबलावरची टाचणी उचलणाऱ्या माणसाला ख्रिस्तसभा चोर म्हणत नाही. माणसे एकत्र राहतात, एकत्र काम करतात, तिथे एवढी सैल गाठ असावीच लागते. प्रत्येक टाचणीसाठी अर्ज करावा लागला तर त्या ऑफिसात कुणी सुखाने काम करू शकणार नाही.

परंतु गृहीत धरायची आहे ती कुणाची संमती? त्या माणसाची. ‘कुणाचीच हरकत नसते’ हे पुरेसे नाही, आणि ‘माझी हरकत नसती’ हेही पुरेसे नाही. माझ्या टेबलावरचे कुणीही काही न्यावे, मला चालते, हा माझा स्वभाव झाला. त्यावरून शेजाऱ्याचा स्वभाव ठरत नाही. त्यातच अडचण अशी की, हे गृहीत धरणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच असतो. वकीलही आपण, न्यायाधीशही आपण, आणि ज्याचा खटला तो त्या वेळी जेवायला गेलेला! म्हणून एक साधी कसोटी लावावी. तो आता समोर खुर्चीत बसलेला असता तर मी न विचारता हात घातला असता का? आणि तो परत आल्यावर मी त्याला आपणहून सांगणार आहे का? संमती खरोखर गृहीत धरलेली असेल तर सांगायला जीभ अडत नाही. “तुझा चार्जर घेतलाय रे, चारपर्यंत देतो,” एवढे बोलायला किती वेळ लागतो? जिथे सांगावेसे वाटत नाही तिथे थॉमस यांच्या व्याख्येतला ‘गुपचूप’ हा शब्द लागू झालेला असतो. त्याच उत्तरात त्यांनी पुढे बजावलेही आहे की, मनात घ्यायचा आणि दुसऱ्याचे नुकसान करायचा हेतू असेल तर छोट्या वस्तूचेही मोठे पाप होऊ शकते.

दुसरा प्रश्न ‘क्षुल्लक’ कुणाच्या हिशेबाने? मंदिराच्या दानपेटीपाशी बसलेल्या प्रभू येशूने विधवेची दोन नाणी पाहिली तेव्हा त्याने नाणी मोजली नाहीत, तिच्यापाशी मागे काय उरले ते मोजले. फ्रिजमधल्या डब्याला हाच हिशेब लावा. दोन पोळ्या, भाजी आणि तळलेला बोंबील, बाजारभावाने शंभर रुपयेही होणार नाहीत. पण तो डबा भरण्यासाठी कुणीतरी पहाटे साडेचारला उठलेले असते, विरारकडून येणाऱ्या गाडीत तो छातीशी धरून आणलेला असतो. ज्याचा डबा आहे त्याला मधुमेह असू शकतो, जेवणाआधीचे इन्सुलिन त्याने घेतलेले असू शकते, आणि मग वेळेवर अन्न मिळाले नाही तर गोष्ट गमतीची राहत नाही. अधिकाऱ्याची छत्री गेली तर तो रिक्षाने स्टेशनवर जातो. कंत्राटी मुलाची छत्री गेली तर तो भिजतो. वस्तू तीच, किंमत तीच, जखम निराळी.

आता सामायिक वस्तूंकडे येतो. इथे माझे मत जरा कडक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एखाद्याची स्वतःची वस्तू घेताना निदान त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. चहाची साखर, प्रिंटरचा कागद, हात पुसायचे टॉवेल, पहिल्या उपचाराच्या पेटीतल्या पट्ट्या यांना चेहरा नसतो. ‘सगळ्यांचे आहे’ याचा अर्थ आपण ‘कुणाचेच नाही’ असा करतो. आपल्या वाडवडिलांनी तो तसा केला नव्हता. वसईच्या वाड्यांतून एकेका विहिरीवर चार-पाच भावकीची नावे असत आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. आज ज्याची पाळी त्याचे आजचे पाणी; उद्याचे पाणी त्याचे नव्हे. सातबारावर माझे नाव आहे म्हणून मी केव्हाही रहाट जुंपीन, असे म्हणणाऱ्याला घरची म्हातारी माणसेच गप्प करीत. सामायिक विहिरीवर केळी, पानवेली जगल्या त्या असे हिशेब काटेकोर पाळले गेले म्हणून. विहीर सामायिक असली म्हणजे ती वापरताना अधिक जपायचे, ही आपली रीत होती. त्या विहिरीचे बेवारशी माल झाले असते तर वाडीच राहिली नसती.

ऑफिसातली साखर संपवणारा माणूस रिकामा डबा तसाच झाकण लावून ठेवतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला की तिथून हळूच निघून जातो. मुलाचा शाळेचा प्रकल्प रंगीत छापून घेतो, चांगली चाळीस पाने, आणि दुपारी दुसऱ्या कुणाला तातडीचे पत्र काढायचे असते तेव्हा शाई संपलेली असते. धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेविरुद्धच्या गोष्टींची एक यादी आहे (परिच्छेद २४०९). उसनी घेतलेली वस्तू मुद्दाम परत न करणे, सापडलेली वस्तू दडवून ठेवणे, उद्योगाची सामायिक मालमत्ता खाजगी कामासाठी वापरणे, काम वाईट करणे, उधळपट्टी हे सारे त्यात नाव घेऊन सांगितले आहे. बँकेतले पेन दोरीने बांधलेले असते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती दोरी म्हणजे आपल्याविषयी बँकेने बनवलेले मत आहे, आणि ते अनुभवाने बनवलेले आहे.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून शिकवावा लागत नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. भाजीच्या देठालाही मन जाऊ देऊ नको, अशा आशयाची ताकीद त्यात आहे. मला त्यातला ‘मन’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. हात लावणे ही पुढची गोष्ट झाली; सातवी आज्ञा हाताला आवरते, दहावी मनाला. आणि ताकीद देठाची आहे, भाजीचीही नाही. कारभाऱ्याचे मन बिघडते ते देठापासून, हे महाराजांना ठाऊक होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. “कंपनी आम्हाला तरी कुठे पुरेसा पगार देते, फादर? जादा तास काम करून घेतात, त्याचे पैसे नाहीत. मग दोन रिम कागद नेला तर काय बिघडलं?”

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही या प्रश्नावर पुष्कळ वाद घातले होते, कारण त्याला मोठा इतिहास आहे. १६४७ साली पॅरिसमध्ये जाँ दाल्बा नावाच्या एका नोकरावर खटला झाला. तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या एका महाविद्यालयात कामाला होता. पगार कमी मिळतो म्हणून त्याने तिथल्या कथिलाच्या थाळ्या उचलल्या. पकडला गेला तेव्हा त्याने सांगितले की, पगार अपुरा असेल तर नोकराने स्वतःची भरपाई करून घ्यावी असे येशूसंघाच्याच एका धर्मगुरूने पुस्तकात लिहिले आहे! ही हकिकत तत्त्वज्ञ ब्लेझ पास्कल यांनी १६५६ साली आपल्या पत्रांतून जगजाहीर केली. (पास्कल हे येशूसंघीयांचे कडवे टीकाकार होते, तेव्हा त्यांनी ती चवीने सांगितली आहे, हेही लक्षात ठेवावे.) पुढे १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ज्या ६५ मतांना चुकीचे ठरवले त्यांत हेही एक मत होते: आपले काम मिळणाऱ्या पगारापेक्षा अधिक मोलाचे आहे असे वाटल्यास नोकराने मालकाची वस्तू चोरून भरपाई करून घ्यावी.

हे मत नाकारले गेले याचा अर्थ ख्रिस्तसभा मालकाच्या बाजूची आहे असा नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क ठामपणे मांडला. आणि मघाशी सांगितलेली यादी पुन्हा वाचा: अन्याय्य पगार देणे हीदेखील त्याच परिच्छेदात सातव्या आज्ञेविरुद्ध मोडते. कामगाराचे तास खाणारा मालक आणि कागदाची रिम नेणारा कारकून एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेले आहेत. आपल्या धर्मग्रामात जे स्वतः दुकान, कारखाना, कंत्राट चालवतात त्यांनी तो परिच्छेद अर्धाच वाचू नये.

तरीही गुप्त भरपाई चूक का? एक तर, पुन्हा आपणच न्यायाधीश होतो. माझे काम किती मोलाचे, मला किती कमी मिळाले, म्हणून किती उचलायचे, आणि ते कधी फिटले, सगळे मीच ठरवणार. असला हिशेब कधी पुरा झाल्याचे मी ऐकलेले नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ही भरपाई बहुधा मालकाकडून होतच नाही. मालक पॅन्ट्रीतले दूध पीत नाही. तो कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात जात नाही. तुम्ही घरी नेलेला साबण दुपारपाळीच्या बायकांना मिळत नाही. तुम्ही नेलेल्या पट्ट्या बोट कापलेल्या शेजाऱ्याला मिळत नाहीत. ज्याच्यावर राग, त्याला पत्ताही नाही, आणि भोगतो तो शेजारी, जो तुमच्याइतक्याच पगारावर राबतो. पगाराचा अन्याय असेल तर त्याला मागणी आहे, युनियन आहे, कामगार आयुक्ताकडे अर्ज आहे. ते उघड्यावरचे काम आहे आणि कठीण आहे. थाळ्या उचलणे सोपे असते.

(आता कुणी म्हणेल, फादर ऑफिसवाल्यांवर घसरले, पण चर्चचे काय? तेही सांगतो. हॉलचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड लग्नासाठी गेले ते गेलेच. गायनमंडळाची गीतपुस्तके दरवर्षी नाताळानंतर कमी भरतात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती सॅक्रिस्तीत आणून ठेवावीत. कुणी विचारणार नाही.)

पण बंधू-भगिनींनो, वस्तूंविषयी मी इतका वेळ बोललो तरी या विषयात मला खरी काळजी वस्तूंची नाही.

ऑफिसात चार्जर हरवला की पहिले कुणाचे नाव निघते? साहेबांचे निघत नाही. दहा वर्षे शेजारी बसणाऱ्या मित्राचेही निघत नाही. झाडू मारणाऱ्या बाईचे निघते, नव्या शिपायाचे निघते, कंत्राटावरच्या सुरक्षारक्षकाचे निघते. कुणी मोठ्याने म्हणतही नाही. “काल संध्याकाळी इथे कोण होतं?” एवढे विचारले जाते आणि सर्वांचे डोळे एकाच दिशेला वळतात. सुटताना पिशवी उघडून दाखवावी लागते ती तिलाच. गळ्यात ओळखपत्र घातलेले आपण सरळ बाहेर पडतो. ‘सहज घेतला, उद्या ठेवू’ म्हणून ज्याने चार्जर खणात टाकला तो या वेळी काय करतो? बहुतेक वेळा काहीच करत नाही. आता सांगायला लाज वाटते. तो गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्याने तो आठव्या आज्ञेचाही भंग करतो; तोंडातून एक शब्द न काढता शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देतो. दोनशे रुपयांच्या वस्तूपायी दुसरे माणूस चोर ठरते. उत्पत्तीच्या पुस्तकात बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. त्याने तो घेतलेला नसतो, पण सारे भाऊ हादरतात. तिथे निदान योसेफ पुढे येऊन सत्य उघड करतो. ऑफिसात योसेफ उघड होत नाही. ती बाई दुसऱ्या मजल्यावर जाते किंवा पुढच्या महिन्यापासून येतच नाही, आणि चार दिवसांनी सारे विसरतात. ती विसरत नाही.

म्हणून ‘छोटी वस्तू’ हा शब्द मला आता जपून वापरावासा वाटतो. वस्तू छोटी असेलही. तिच्यामुळे कुणाचे नाव खराब होईल हे घेणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मग घेतलेले परत कसे करायचे? जक्कयाने चौपट देतो म्हटले. आपण निदान एकपट तरी द्यावी. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१२) जक्कयाचेच उदाहरण देऊन भरपाईची जबाबदारी सांगतो. नुसते कुमसारात सांगून ती फिटत नाही. पेन, पाना, पुस्तक असेल तर जागेवर ठेवावे. डबा खाल्ला असेल तर तो परत येणार नाही. त्या माणसाला सांगावे आणि एक दिवस त्याला जेवू घालावे. मालक कोण हे आता कळणे शक्यच नसेल तर तेवढी किंमत गरिबांना द्यावी, असे जुने नीतिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. आपण दर मंगळवारी ज्यांची नोव्हेना करतो ते संत अंतोनी हरवलेल्या वस्तूंचे पालक कसे झाले, याविषयी परंपरा अशी सांगते: मठ सोडून जाणाऱ्या एका नवशिक्या तरुणाने त्यांचे स्तोत्रांचे पुस्तक सोबत नेले. त्या पुस्तकात त्यांची स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणे होती. अंतोनींनी प्रार्थना केली, आणि तो तरुण पुस्तक घेऊन परत आला. म्हणजे वस्तू हरवलेली नव्हती, बरोबरच्याच माणसाने नेलेली होती! आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नोव्हेनेचे उत्तर शेजारच्या टेबलाच्या खणात पडलेले असेल.

नावाची भरपाई मात्र एवढी सोपी नाही. गेल्या वर्षी धर्मग्रामातल्या एका गृहस्थांनी मला एक हकिकत सांगितली आणि ती छापायची परवानगीही दिली. त्यांच्या ऑफिसात एका सहकाऱ्याची पॉवर बँक नाहीशी झाली होती आणि साफसफाई करणाऱ्या मावशींची त्यावरून दुसऱ्या मजल्यावर बदली झाली होती. तीन आठवड्यांनी ती यांच्याच बॅगेच्या आतल्या कप्प्यात निघाली. घाईच्या दिवशी ‘त्याची काही हरकत नसेल’ म्हणून घेतली आणि विसरले. गुपचूप टेबलावर ठेवून देणे सोपे होते. वस्तू मिळाली असती, सारे म्हणाले असते, मावशींनीच घाबरून परत ठेवली. त्यांनी तसे केले नाही. मावशींना चहाच्या वेळी वर बोलावून घेतले आणि सर्वांसमक्ष सांगितले की, वस्तू मी घेतली होती, माझ्याच बॅगेत होती. दोन-चार जण ओशाळले, एक जण उगाच हसला. मावशी काही रडल्या-बिडल्या नाहीत. चहाचे कप गोळा करता करता त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, हे आमच्या कंत्राटदाराला पण फोन करून सांगाल का? त्यांनी वहीत लिहून ठेवलंय.”

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू